डॉक्टरांना सांगितलेलं एचआरपर्यंत कसं गेलं?

मागच्या महिन्यात या पानावर हॉस्पिटलच्या बिलांबद्दल लिहिलं होतं, त्यात ओघात एक वाक्य आलं की पेशंटने मागितल्यावर त्याचे कागद ७२ तासांत द्यावे लागतात, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत तसं आहे. त्या एका वाक्यावर ढीगभर पत्रं आली. आणि गंमत नाही सांगत, निम्म्याहून जास्त जणांचा त्रास बरोबर उलटा आहे, कागद मिळत नाहीत हा नाही, कागद भलत्याच माणसाच्या हातात गेले हा. म्हणून या वेळी सगळं पान त्यालाच देतेय. पत्रं छोटी केलीत, गावं बदललीत.

प्रश्न : ताई, मी पुण्यात आयटी कंपनीत आहे. दीड वर्षापासून डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, ऑफिसमधे कुणालाच सांगितलं नव्हतं. मार्चमधे चार दिवस अ‍ॅडमिट व्हावं लागलं, कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून कॅशलेस झालं. परत जॉईन झालो तर एचआरच्या मॅडमनी आत बोलावून विचारलं, आता मेंटली फिट आहेस ना, क्लायंट झेपेल ना. पुढच्या आठवड्यात प्रोजेक्टवरून काढलं. डॉक्टर म्हणतात मी कुणाला एक शब्द बोललो नाही. मग हे गेलं कुठून? केस कुणावर करू?

उत्तर : डॉक्टर खरं बोलत असणार. तुम्ही अ‍ॅडमिट झालात तेव्हा इन्शुरन्स डेस्कवर एक प्री-ऑथचा फॉर्म भरला गेला, त्यात आजाराचं नाव लिहावंच लागतं, त्याशिवाय मंजुरी येत नाही. तो फॉर्म टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या मधल्या संस्थेकडे गेला, तिथून विमा कंपनीकडे. आता यातला महत्त्वाचा भाग असा की पॉलिसी तुमच्या नावाची नाहीये, ती तुमच्या कंपनीने घेतलेली आहे, त्यामुळे क्लेमचं स्टेटस, रक्कम, कधीकधी आजारासकट सगळी शीट कंपनीला किंवा मधल्या ब्रोकरला जाते. रिन्युअलला प्रीमियम ठरवायचा म्हणून ती मागवलीही जाते. आणि फॉर्मच्या खाली बारीक अक्षरात 'माझी वैद्यकीय माहिती संबंधितांना देण्यास माझी संमती आहे' अशा अर्थाची ओळ असते, तिच्याखाली तुमची किंवा त्या दिवशी धावपळ करणाऱ्या तुमच्या घरच्यांची सही आहे. कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहून ती ओळ कोण वाचणार, मीही माझ्या वडिलांच्या वेळी वाचली नव्हती.

कायद्याचं म्हणाल तर मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ चांगला कायदा आहे. त्याच्या कलम २३ मधे गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलाय. पण ती जबाबदारी टाकलीय कुणावर, तर उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर. एचआर मॅडम उपचार करत नाहीत. हाच सगळ्या पानाचा गाभा आहे म्हणून नीट लक्षात घ्या, आपले कायदे बहुतेक वेळा माहिती सांभाळणाऱ्या ठरावीक माणसाला बांधतात, माहितीला नाही. ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली की पहिल्या टेबलावरचा नियम तिच्यासोबत जात नाही. टीपीएला विमा नियामकाच्या म्हणजे आयआरडीएआयच्या नियमांनी गुप्तता पाळायला लागते, तिथे तुम्हाला थोडी पकड आहे. कंपनीच्या आत शिरल्यावर ती पकड फार सैल होते.

आता कुणी म्हणेल नवीन डेटा संरक्षण कायदा आलाय ना. आलाय, डीपीडीपी कायदा ऑगस्ट २०२३ मधे झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे १८ महिने दिलेत, म्हणजे २०२७ चा मे उजाडणार. त्यात आरोग्याच्या माहितीला वेगळा, जास्त कडक दर्जा दिलेला नाही, तुमचं डिप्रेशन आणि तुमचा पिनकोड कायद्याच्या नजरेत एकाच रांगेत. कलम ७ मधे तर नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळायला संमतीशिवायही माहिती वापरता येते असं आहे. दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो पण तो सरकारी तिजोरीत जमा होतो, तुम्हाला त्यातला रुपया नाही. उलट ज्या जुन्या कलमाखाली भरपाई मागता येते, आयटी कायद्याचं ४३अ, ते हा कायदा पूर्ण लागू झाला की रद्द होणार आहे. मला हे फार खटकतं आणि मी ते जिथे बोलायला मिळेल तिथे बोलते, कारण जिची माहिती फुटली तिला सोडून बाकी सगळ्यांचा विचार झालाय असं वाटतं.

म्हणून तुम्ही आत्ताच हलायला हवं. आयटी कायद्याखालच्या २०११ च्या नियमांप्रमाणे मानसिक आणि शारीरिक आरोग्याची माहिती, मेडिकल रेकॉर्ड ही संवेदनशील माहिती धरली जाते आणि ते नियम अजून जिवंत आहेत. आधी टीपीए आणि विमा कंपनी दोघांच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, एकच प्रश्न विचारा, माझ्या क्लेममधली कोणती माहिती, कोणत्या तारखेला, माझ्या कंपनीतल्या कुणाला पाठवली. उत्तर आलं नाही तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर टाका. एचआरला तोंडी काही बोलू नका, त्यांनाही लेखीच विचारा की प्रोजेक्टवरून काढण्याचं कारण काय. ४३अ खालचा भरपाईचा अर्ज राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो, ५ कोटींपर्यंतचे दावे तिथेच. पण तुम्ही लेखी माग काढल्याशिवाय तिथे जाऊ नका, हात हलवत परत याल.

एक तुलना सांगते. एचआयव्हीच्या बाबतीत आपल्याकडे २०१७ चा वेगळा कायदा आहे, २०१८ पासून लागू, आणि तो कितीतरी पुढे जातो. त्यात विश्वासाने सांगितलेली एचआयव्हीची माहिती कुणीच उघड करायची नाही असं आहे, फक्त डॉक्टरने नाही, रेकॉर्ड ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने ते जपायचं, आणि खासगी नोकरीतसुद्धा भेदभाव करायचा नाही. हे सहज मिळालेलं नाही. १९९८ मधे सुप्रीम कोर्टापुढे एक केस होती, 'मिस्टर एक्स' नावानेच ओळखली जाते, एका पेशंटसाठी रक्त द्यायला गेलेल्या माणसाची टेस्ट पॉझिटिव्ह आली, ती गोष्ट हॉस्पिटलमधून बाहेर गेली, ठरलेलं लग्न मोडलं, समाजाने वाळीत टाकलं. कोर्ट म्हणालं गोपनीयतेचा हक्क आहे पण तो अमर्याद नाही, होणाऱ्या बायकोच्या जिवाचाही हक्क आहे. त्यातलं गणित मला समजतं, पण पुढची वीस वर्षं कित्येक लोक त्या भीतीने टेस्ट करायलाच गेले नाहीत असं या क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते सांगतात. शेवटी कायदा आला तेव्हा जोडीदाराला सांगायची वाट ठेवली, पण समुपदेशन करून, ठरावीक अटींवर. मानसिक आजाराला इतकं पक्कं कवच अजून नाही.

प्रश्न : नाशिकहून लिहितेय. घटस्फोटाची केस चालू आहे. नवऱ्याने मी चार वर्षांपूर्वी घेतलेल्या वंध्यत्वाच्या आणि मानसोपचाराच्या ट्रीटमेंटची पूर्ण फाईल कोर्टात लावली. हॉस्पिटलने 'मिस्टर आहेत' म्हणून देऊन टाकली. हे कायदेशीर आहे का?

उत्तर : देणं चूक आहे. ती फाईल कोर्टाने वाचणं मात्र तुम्ही बहुधा थांबवू शकणार नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि हे ऐकून अशील समोर रडतात तेव्हा मला काय बोलावं कळत नाही.

नियमाप्रमाणे रेकॉर्ड पेशंटला, त्याने अधिकार दिलेल्या माणसाला किंवा कायदेशीर यंत्रणेला द्यायचं. नवरा असणं म्हणजे अधिकार दिलेला माणूस असणं नव्हे. आपल्याकडे काउंटरवर नातं सांगितलं की फाईल पुढे सरकते, सासूलाही देतात, दिरालाही देतात. तुमच्या सहीचं पत्र होतं का हे हॉस्पिटलला लेखी विचारा. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार होते, ते ताकीद देऊ शकतात किंवा नोंदणी काही काळ निलंबित करू शकतात, पैसे देऊ शकत नाहीत, आणि फाईल रेकॉर्ड रूमच्या क्लार्कने दिली असेल तर तो डॉक्टरच नाही म्हणून कौन्सिल हात वर करू शकतं. भरपाईसाठी ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. २०२१ मधे महाराष्ट्र नर्सिंग होम नियमांत दुरुस्ती झाली आणि रुग्ण हक्कांची सनद आली, ती दवाखान्यात लावणं बंधनकारक आहे, तिचा आधार तक्रारीत जरूर घ्या.

आता कोर्टाचं. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं आपल्या पुराव्याच्या कायद्यात सुरक्षित आहे, डॉक्टर आणि पेशंटमधलं नाही. लोकांना हे माहितीच नसतं, त्यांना वाटतं दोन्ही सारखंच. न्यायाधीशांनी विचारलं तर डॉक्टरला उत्तर द्यावं लागतं. चोरून मिळवलेला कागदसुद्धा विषयाशी संबंधित असेल तर आपली कोर्टं सहसा बाहेर फेकत नाहीत, आणि फॅमिली कोर्टाला तर १९८४ च्या कायद्याच्या कलम १४ ने पुराव्याचे नेहमीचे नियम बाजूला ठेवायची मुभाच आहे. २००३ मधे शारदा विरुद्ध धर्मपाल या केसमधे सुप्रीम कोर्टाने पुढे जाऊन म्हटलं की वैवाहिक वादात कोर्ट वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकतं आणि नाकारलीत तर तुमच्याविरुद्ध अर्थ काढू शकतं. जुलै २०२५ मधे तर नवऱ्याने बायकोच्या नकळत रेकॉर्ड केलेले फोन घटस्फोटाच्या केसमधे पुरावा म्हणून चालतील असा निकाल आला. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी गोपनीयता मूलभूत हक्क म्हणून सांगितली तेव्हा आम्ही वकिलांनी पेढे वाटले होते, पण नवरा-बायकोच्या भांडणात तो हक्क दाराबाहेर थांबल्यासारखा वाटतो.

तरी हातात काही गोष्टी आहेत. फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम ११ खाली सुनावणी बंद दाराआड घ्या असा अर्ज द्या, दोघांपैकी एकाने जरी मागितलं तरी कोर्टाला ते करावं लागतं, 'करता येईल' असं नाही, करावंच लागतं. फाईल सीलबंद ठेवायची विनंती त्याच अर्जात करा. आणि वंध्यत्वाची किंवा मन हलकं करायला घेतलेली ट्रीटमेंट म्हणजे क्रूरता किंवा वेडसरपणा नव्हे हा मुद्दा तुमच्या वकिलांनी उलटतपासणीत पुढे आणायला हवा. ट्रीटमेंट घेतलीत म्हणजे तुम्ही स्वतःची काळजी घेतलीत, मान खाली घालायचं काही कारण नाही.

प्रश्न : वडिलांना टीबी झाला. खासगी डॉक्टरकडे ट्रीटमेंट घेतली तरी आठ दिवसात सरकारी माणूस घरी, आणि त्याने आमच्या घराचा पत्ता शोधताना गल्लीत चार जणांना विचारलं 'टीबीचा पेशंट कुठे राहतो'. आता शेजारी पाण्याचा तांब्याही घेत नाहीत. डॉक्टरने नाव सरकारला का दिलं? (सातारा जिल्हा)

उत्तर : डॉक्टरने दिलं कारण द्यावंच लागतं. २०१२ पासून टीबी कळवणं बंधनकारक आहे आणि २०१८ च्या अधिसूचनेनंतर न कळवणाऱ्या डॉक्टरवर, लॅबवर, औषध दुकानावर फौजदारी कारवाई होऊ शकते. नाव टीबीच्या सरकारी निक्षय पोर्टलवर जातं. वैद्यकीय गुप्ततेला असे अपवाद जुन्या काळापासून आहेत, साथीचा, कळवायलाच हवा असा आजार त्यात येतो. आणि खरं सांगू का, यामागचं कारण मला पटतं, घरातल्या बाकीच्यांची तपासणी होते, गोळ्या मधेच सुटल्या तर कुणीतरी विचारायला येतं, पोषण आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात जमा होतात, ते घेतलेत का वडिलांसाठी?

पण सरकारला कळवायची परवानगी म्हणजे गल्लीला सांगायची परवानगी नव्हे. तो माणूस चुकलाच. दुर्दैवाने टीबीसाठी एचआयव्हीसारखा वेगळा कायदा नाही, त्यामुळे तक्रार जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडे खात्यांतर्गतच करावी लागेल, लेखी करा, तारीख आणि कुणासमोर विचारलं ते लिहा. पुढच्या भेटी फोन करून, साध्या कपड्यात, आजाराचं नाव न घेता व्हाव्यात एवढी मागणी करा, बहुतेक अधिकारी ती ऐकतात. शेजाऱ्यांचं म्हणाल तर गोळ्या नीट चालू झाल्या की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप उतरतो, आणि टीबी तांब्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो, हे आशाताईंनाच येऊन सांगायला लावा, घरच्यांनी सांगितलं तर कुणी मानत नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शिक्षक. सहकाऱ्याने आरटीआय टाकून माझ्या वैद्यकीय रजेची सर्टिफिकेटं मागवली. मिळतील का त्याला?

उत्तर : आता जवळजवळ नाही. आधी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मधे व्यक्तिगत माहिती नाकारता यायची पण व्यापक जनहित असेल तर द्यायची सोय त्याच कलमात होती. नोव्हेंबर २०२५ पासून डेटा कायद्याने ते कलम छाटलं, व्यक्तिगत माहिती म्हटली की नकार, जनहिताचा मुद्दा आता फक्त ८(२) मधे उरला. तुमचा फायदा झाला, त्याबद्दल आनंद आहे. पण मला यात दुसरी बाजूही दिसते. तुम्हाला सुरूपसिंग नाईकांचं प्रकरण आठवत असेल, राज्याचे माजी मंत्री, २००६ मधे सुप्रीम कोर्टाने अवमानासाठी एक महिन्याची शिक्षा दिली आणि त्यातले बरेच दिवस ते तुरुंगाऐवजी मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमधे होते. त्यांचे कागद आरटीआयमधे मागितले गेले आणि २००७ मधे मुंबई हायकोर्टाने म्हटलं की मेडिकल कौन्सिलचा गुप्ततेचा नियम माहिती अधिकार कायद्याच्या वर नाही, कैद्याच्या बाबतीत जनहित असेल तर रेकॉर्ड देता येतं. साध्या शिक्षकाच्या पोटदुखीचा कागद झाकलाच पाहिजे, पण शिक्षा भोगणाऱ्या मंत्र्याच्या आजाराचा प्रश्न विचारता आला पाहिजे, आणि नवीन दुरुस्तीत हा फरक करायची जागा फार चिंचोळी झालीय.

प्रश्न : न्यू जर्सीत राहते. इथे हिपा हा वैद्यकीय माहिती जपायचा कायदा आहे, त्यामुळे आपलं मेडिकल सगळं सेफ, असं मी समजत होते. सून म्हणते पिरियडचं अ‍ॅप आणि डीएनए किट त्यात येत नाही. खरं का?

उत्तर : सूनबाई बरोबर आहेत. १९९६ चा हिपा डॉक्टर, हॉस्पिटल, आरोग्य विमा आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या कंपन्यांना लागू होतो. तुम्ही स्वतःहून फोनमधल्या अ‍ॅपला जे सांगता, थुंकीची नळी पोस्टाने ज्या कंपनीला पाठवता, ते साधारणपणे बाहेर. ट्वेंटीथ्री अँड मी ही डीएनएची कंपनी मार्च २०२५ मधे दिवाळखोरीत गेली तेव्हा सुमारे दीड कोटी लोकांची जनुकीय माहिती कंपनीच्या मालमत्तेसोबत विक्रीला निघाली होती. २००८ चा जीना कायदा नोकरी आणि आरोग्य विम्यात जनुकांवरून भेदभाव करू देत नाही, पण आयुर्विम्याला तो लागू नाही. आणि हिपा मोडला म्हणून तुम्हाला थेट दावा लावता येत नाही, सरकारच्या सिव्हिल राइट्स ऑफिसकडे १८० दिवसांत तक्रार करायची. काही राज्यांचे कायदे जास्त कडक आहेत, वॉशिंग्टनने २०२३ मधे तसा केलाय. अ‍ॅप नको असेल तर नुसतं डिलीट करू नका, आधी आतून अकाउंट आणि डेटा पुसायची रिक्वेस्ट टाका.

प्रश्न : मी २३ वर्षांची, लग्न झालेलं नाही. कोल्हापूरला शिकते. गर्भपात करून घ्यायचाय, आठ आठवडे झालेत. हॉस्पिटल घरी कळवेल का ही एवढीच भीती आहे. प्लीज लवकर उत्तर द्या.

उत्तर : तुम्हाला ईमेलवर त्याच दिवशी उत्तर दिलंय, इथे बाकीच्या मुलींसाठी लिहितेय. तू सज्ञान आहेस, एमटीपी म्हणजे गर्भपाताच्या कायद्यात फक्त तुझी संमती लागते, आईवडिलांची नाही, आणि पुढे लग्न झालेल्या बायकांनाही सांगते, नवऱ्याचीही नाही. सप्टेंबर २०२२ मधे सुप्रीम कोर्टाने लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही हेही स्पष्ट केलंय. २०२१ च्या दुरुस्तीने कलम ५अ आलं, बाईचं नाव आणि तपशील डॉक्टरने कायद्याने अधिकार असलेल्या माणसाशिवाय कुणालाही सांगायचे नाहीत, सांगितले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. या पानावरच्या सगळ्या कायद्यांमधे मला हे कलम सगळ्यात सरळ वाटतं. मुलगी १८ च्या आतली असेल तर पॉक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, पण त्याच २०२२ च्या निकालात म्हटलंय की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिचं नाव आणि ओळख त्यात द्यायची गरज नाही.

तरीही घरी कळतं ते डॉक्टरच्या तोंडून क्वचितच. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या बाबतीत लहानपणी काढलेला केसपेपर वडिलांच्या मोबाईल नंबरवर होता, सोनोग्राफीच्या बिलाचा मेसेज थेट त्यांना गेला. एकीच्या बाबतीत वडिलांच्या मेडिक्लेममधे नाव होतं, क्लेम केल्यावर ईमेल त्यांना. तेव्हा जुनं कार्ड काढून देऊ नकोस, नवीन केसपेपर काढ, विमा वापरू नकोस. आभा, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा नंबर मागितला तर तो ऐच्छिक आहे, नाही म्हणायचं, त्यावाचून उपचार अडवता येत नाहीत. सरकारी दवाखान्यात ही सेवा मोफत मिळते. जाताना सोबत एक मैत्रीण ने, आणि काउंटरवर मोबाईल नंबर विचारला की तुझा स्वतःचाच सांग.